गुन्हा, क्षमा आणि प्रेम: ख्रिस्ती रहस्यकथांच्या जगात एक फेरफटका

रहस्यकथा कोणालाच आवडत नाही असं घर शोधून सापडणार नाही. आजोबांच्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड वाचले. आई-बाबांनी १९९३मध्ये दूरदर्शनवर ‘ब्योमकेश बक्षी’ पाहिला. आणि आपण? ‘आता शेवटचा एकच भाग’ म्हणत रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलवर मालिका बघत बसतो. माध्यम बदललं, ओढ तीच राहिली. कोणीतरी काहीतरी लपवतंय आणि ते आपल्याला सगळ्यांच्या आधी ओळखायचंय!

या मोठ्या गोतावळ्यातली एक शाखा मात्र मराठीत फारशी चर्चेत येत नाही. ती म्हणजे ख्रिस्ती विचारांच्या मुशीतून आलेली रहस्यकथा आणि तिच्या पोटात हळूच चालणारी प्रेमकथा. हे ऐकून तुम्हाला वाटेल, म्हणजे गोष्टीच्या नावाखाली प्रवचन असणार. तशी पुस्तकंही आहेत, नाही असं नाही. पण इंग्रजीतल्या उत्तम रहस्यकथांपैकी काही याच शाखेत लिहिल्या गेल्या, कारण इथल्या लेखकांना ‘खून कोणी केला?’ याच्या पुढचे दोन प्रश्न पडले. खुनी सापडला, आता त्या माणसाचं काय करायचं? आणि ज्याचं कामच संशय घेण्याचं आहे, तो स्वतः कोणावर विश्वास कसा ठेवणार?

पुरावा मागणाऱ्या संताचं शहर

मी चेन्नईत राहते आणि या विषयाची सुरुवात इथूनच करता येते. मैलापूरला समुद्राजवळ सँथोमचं पांढरंशुभ्र चर्च आहे. आजची इमारत १८९६ची, पण तिच्या पोटात येशूच्या बारा शिष्यांपैकी एकाची, संत थॉमसची, कबर असल्याची परंपरा फार जुनी आहे. विमानतळाकडे जाताना दिसणारा सेंट थॉमस माउंट हाही त्याच्याच नावाचा. या टेकडीवर त्याला वीरमरण आलं असं इथले ख्रिस्ती लोक मानतात.

मराठी बायबलमध्ये त्याचं नाव थोमा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात त्याची गोष्ट येते. येशू मरणातून उठला, आम्ही त्याला पाहिलं, असं बाकीचे शिष्य त्याला सांगतात. थोमा ऐकत नाही. खिळ्यांच्या खुणा स्वतः पाहिल्याशिवाय, जखमेत हात घातल्याशिवाय मी मानणार नाही, असं तो ठणकावतो. म्हणजे ऐकीव साक्ष नको, प्रत्यक्ष पुरावा हवा. एखाद्या चांगल्या तपास अधिकाऱ्याचंच हे बोलणं!

गंमत अशी की येशू त्याला रागावून घालवून देत नाही. आठ दिवसांनी तो पुन्हा येतो आणि थोमाने मागितलेला पुरावा त्याच्यासमोर ठेवतो. शंका घेणाऱ्याला या गोष्टीत जागा आहे.

याहून जुनी, अगदी कोर्टातली वाटावी अशी गोष्ट आहे सुसान्नेची. कॅथलिक बायबलमध्ये ती दानिएलच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय म्हणून येते, तर प्रॉटेस्टंट पंथीय तिला बायबलबाहेरच्या जुन्या लेखनात धरतात. दोन प्रतिष्ठित म्हातारे न्यायाधीश एका निरपराध बाईवर व्यभिचाराचा खोटा आरोप करतात. साक्षीदार दोन, दोघेही वजनदार, म्हणून तिला मरणाची शिक्षा होते. तेवढ्यात तरुण दानिएल पुढे येतो. दोघांना एकमेकांपासून दूर करा, असं तो सांगतो आणि दोघांना एकच प्रश्न विचारतो: तुम्ही तिला कोणत्या झाडाखाली पाहिलं? एक जण एका झाडाचं नाव घेतो, दुसरा दुसऱ्याच झाडाचं. खोटं तिथल्या तिथे उघडं पडतं.

साक्षीदारांची वेगवेगळी उलटतपासणी ही आजही पोलिसांची आणि वकिलांची नेहमीची पद्धत आहे. त्या गोष्टीत तिच्यामुळे एका बाईचा जीव वाचला.

सगळं ऐकून घेणारा फादर

आधुनिक काळात या शाखेचा पहिला मोठा नायक म्हणजे फादर ब्राउन. जी. के. चेस्टरटन या इंग्रज लेखकाची ही निर्मिती. पहिली कथा १९१०मध्ये आली आणि पहिला संग्रह १९११मध्ये. बुटका, गोल चेहऱ्याचा, हातात कायम छत्री आणि ती कायम कुठेतरी विसरणारा हा धर्मगुरू. त्याला पाहून कोणाच्याही मनात शंकेची पाल चुकचुकणार नाही. तेच त्याचं बळ.

या पात्रामागे खरा माणूस होता. फादर जॉन ओ’कॉनर हे यॉर्कशायरमधले कॅथलिक धर्मगुरू चेस्टरटन यांचे मित्र. त्यांच्याशी बोलताना चेस्टरटन थक्क झाले, कारण माणसाच्या दुष्टपणाबद्दल या शांत माणसाला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक होतं. त्याच दिवशी केंब्रिजचे दोन विद्यार्थी मात्र म्हणत होते की या धर्मगुरूंना बाहेरच्या जगातल्या वाईटाची काय कल्पना असणार! चेस्टरटन यांना हसू आवरेना. ज्या माणसासमोर लोक वर्षानुवर्षं पापनिवेदन करतात, त्याने काय काय ऐकलं असेल याचा त्या मुलांना पत्ताच नव्हता. या विरोधातूनच फादर ब्राउन जन्मला.

शेरलॉक होम्स बुटाला लागलेली माती पाहतो, सिगारची राख तपासतो. फादर ब्राउन माणसाच्या आत शिरतो. मी स्वतः हा खून कसा केला असता, मला काय वाटलं असतं, याचा तो इतका खोल विचार करतो की शेवटी खुनी त्याला आपल्यातच सापडतो. ‘मी असा नाही’ असं म्हणून तो गुन्हेगाराकडे वरून पाहत नाही. म्हणूनच पहिल्या कथेतला अट्टल चोर फ्लाँबो पुढे चोरी सोडतो आणि याच फादरचा जिवलग मित्र होतो.

आणखी एक गोष्ट ऐकून नवल वाटेल. रहस्यकथेत भूत, चमत्कार, दैवी शक्ती चालणार नाही, हा नियम लिहून ठेवणारा माणूस धर्मगुरूच होता! रोनाल्ड नॉक्स हे कॅथलिक धर्मगुरू. पुढे त्यांनी संपूर्ण बायबलचं इंग्रजी भाषांतर केलं. १९२९मध्ये त्यांनी रहस्यकथेसाठी दहा नियम सांगितले. गुन्हेगार कथेच्या सुरुवातीलाच कुठेतरी दिसला पाहिजे. कोणाला माहीत नसलेलं विष वापरायचं नाही. गुप्त भुयार असलंच तर एकच. सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही दाखवायचा. थोडक्यात, वाचकाची फसवणूक करायची नाही. विश्वास वेगळा आणि पुराव्याची लबाडी वेगळी, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

‘प्रेम नको’ म्हणणारी लेखिका

आता प्रेमकथेकडे वळू. १९२८मध्ये डोरथी एल. सेयर्स या लेखिकेने रहस्यकथांचा एक मोठा संग्रह संपादित केला. प्रस्तावनेत त्यांनी साफ लिहिलं की रहस्यकथेत प्रेमप्रकरण जितकं कमी तितकं बरं. नायक तपास सोडून नायिकेच्या मागे फिरायला लागला की कथा ढिली पडते. मुद्दा चुकीचा नव्हता. आपण अशा कितीतरी मालिका बघतो, ज्यात तपास ऐन रंगात आलेला असताना मध्येच गाणं येतं.

पण दोनच वर्षांनी, १९३०मध्ये, याच सेयर्स यांनी ‘स्ट्राँग पॉयझन’ लिहिली आणि रहस्यकथेतल्या सर्वांत सुंदर प्रेमकथांपैकी एक सुरू केली.

सेयर्स कोण होत्या? १८९३मध्ये ऑक्सफर्डमध्ये जन्म, वडील अँग्लिकन धर्मगुरू. ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला १९२०मध्ये सुरुवात केली, तेव्हाच्या पहिल्या पदवीधर स्त्रियांमध्ये त्या होत्या. मग पोटापाण्यासाठी लंडनच्या एका जाहिरात कंपनीत जाहिरातींचा मजकूर लिहिण्याची नोकरी. जवळपास नऊ वर्षं त्यांनी ती केली. दिवसभर मोहरीच्या आणि बिअरच्या जाहिराती, रात्री खून आणि तपास! ‘मर्डर मस्ट ॲडव्हर्टाइज’ ही १९३३ची कादंबरी तर जाहिरात कंपनीच्या ऑफिसातच घडते. रोज कंटेंट लिहून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्यांना ती वाचताना आपलंच ऑफिस आठवतं: शेवटच्या क्षणी बदललेल्या ओळी, चहाच्या वेळच्या कुजबुजी आणि एका शब्दावरून होणारे वाद.

त्यांचा गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्सी. श्रीमंत, बडबड्या, वरवर विदूषक वाटणारा, पण पहिल्या महायुद्धाने आतून हादरलेला. एका वाचकाची इच्छा होती की पीटरने शेवटी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारावी. सेयर्स यांनी नकार दिला. पीटरचा स्वभाव पाहता ते अगदीच खोटं वाटेल, असं त्यांचं म्हणणं. स्वतः मनापासून श्रद्धाळू असलेल्या, पुढे बीबीसीसाठी येशूच्या जीवनावर नाट्यमालिका लिहिणाऱ्या आणि दान्तेचं भाषांतर करणाऱ्या या बाईंनी आपल्या पात्राला जबरदस्तीने चर्चमध्ये नेऊन बसवलं नाही. कादंबरी ख्रिस्ती ठरते ती तिच्यातल्या प्रश्नांमुळे, नायकाने किती वेळा प्रार्थना केली यामुळे नाही. हे मला त्यांच्याकडून कळलं.

उपकार म्हणजे प्रेम नव्हे

‘स्ट्राँग पॉयझन’ सुरू होते कोर्टात. आरोपीच्या पिंजऱ्यात आहे हॅरिएट वेन, रहस्यकथा लिहिणारी तरुण लेखिका. तिच्यासोबत राहिलेल्या माणसाचा आर्सेनिकने मृत्यू झालाय. पुस्तकाच्या अभ्यासासाठी तिने स्वतः खोट्या नावाने आर्सेनिक विकत घेतलेलं असतं. सगळं तिच्याविरुद्ध. पण ज्यूरीचं एकमत होत नाही आणि खटला महिनाभर पुढे जातो. पीटरला ती निर्दोष आहे याची खात्री वाटते आणि तो तिच्या प्रेमात पडतो. तुरुंगातच तो तिला लग्नाचं विचारतो!

लेखिकेचा मूळ बेत सोपा होता. पीटरने हॅरिएटला वाचवायचं, दोघांचं लग्न लावायचं आणि ही मालिका बंद करून मोकळं व्हायचं. पण लिहिता लिहिता त्यांच्या लक्षात आलं की हे जमणार नाही. ज्या माणसाने फाशीपासून वाचवलं, त्याला ‘हो’ म्हणताना त्या ‘हो’मध्ये प्रेम किती आणि उपकाराची परतफेड किती? जिच्या डोक्यावर एवढं मोठं ऋण आहे, तिचा होकार मोकळा कसा असेल? म्हणून हॅरिएट ‘नाही’ म्हणते.

ती एकदा नाही, वारंवार ‘नाही’ म्हणते. १९३२च्या ‘हॅव हिज कार्केस’मध्ये तिला समुद्रकिनाऱ्यावरच्या खडकावर प्रेत सापडतं, दोघं मिळून तपास करतात, खटके उडतात, तरी उत्तर तेच. १९३५च्या ‘गॉडी नाइट’मध्ये गोष्ट ऑक्सफर्डच्या एका काल्पनिक महिला कॉलेजात जाते. तिथे खून नाही, पण कोणीतरी निनावी, विषारी पत्रं पाठवून सगळ्यांचं जगणं नकोसं करतंय. आज सोशल मीडियावर खोट्या खात्यांवरून होणारा छळ ज्याने पाहिलाय, त्याला हे पुस्तक कालच लिहिल्यासारखं वाटेल.

आणि इथेच प्रेमाची खरी परीक्षा होते. हॅरिएटच्या जिवाला धोका आहे हे पीटरला कळतं. ‘तू यातून बाजूला हो, मी बघतो’ असं तो म्हणत नाही. काम तिचं आहे, निर्णय तिचा आहे. तो तिला फक्त स्वतःचं रक्षण कसं करायचं ते शिकवतो. स्वतःच्या भीतीसाठी तो तिचं काम थांबवत नाही, हे पाहिल्यावर हॅरिएटच्या मनातला हिशोब बदलतो. पुस्तकाच्या शेवटी तो विद्यापीठाच्या पदवीदान समारंभातल्या लॅटिन शब्दांत तिला पुन्हा विचारतो आणि ती त्याच भाषेत उत्तर देते. पहिल्या भेटीपासून इथपर्यंत पाच वर्षं गेलेली असतात.

आपल्या घरांमध्येही हा प्रश्न जुनाच आहे. ‘त्यांनी आपल्यासाठी एवढं केलं, आता नाही कसं म्हणायचं?’ हे वाक्य किती स्थळांच्या बाबतीत ऐकलंय? कोणी शिक्षणाला पैसे दिले, कोणी अडचणीत मदत केली, आणि मग त्या मदतीचं नातं मुलीच्या होकारातून वसूल होतं. ख्रिस्ती विचारात कृपा म्हणजे परतफेडीची अपेक्षा नसलेलं दान. परत काही मागितलं की तो व्यवहार झाला. सेयर्स यांनी हे कुठेही प्रवचन म्हणून सांगितलं नाही. त्यांनी फक्त हॅरिएटला पाच वर्षं ‘नाही’ म्हणू दिलं.

हे त्या कशाच्या जोरावर लिहू शकल्या? त्यांचं स्वतःचं आयुष्य सरळ नव्हतं. ज्या लेखकावर त्यांचं प्रेम होतं, तो लग्नावर आपला विश्वास नाही म्हणायचा आणि नंतर त्याने दुसरीशी लग्न केलं. पुढे दुसऱ्या नात्यातून १९२४मध्ये त्यांना मुलगा झाला. त्या काळात अविवाहित आईला समाजात तोंड दाखवणं कठीण होतं. मुलाला एका मावसबहिणीने वाढवलं, सेयर्स यांनी खर्च केला आणि ही गोष्ट जगाला कळली ती त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी. लपवण्याचं ओझं काय असतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

फाशीची सकाळ

१९३७मध्ये ‘बसमन्स हनीमून’ आली. पीटर आणि हॅरिएट मधुचंद्रासाठी एका गावातल्या जुन्या घरात जातात आणि तळघरात प्रेत सापडतं. ही प्रेमकथा असून तपास तिच्यात मधूनमधून येतो, असं लेखिकेने उपशीर्षकातच मान्य केलंय. ‘प्रेम नको’पासून त्या किती लांब आल्या होत्या!

खुनी कोण ते मी सांगणार नाही, घाबरू नका. पण शेवट कसा आहे ते सांगायला हवं. बहुतेक रहस्यकथा खुनी पकडला की संपतात. ही संपत नाही. खटला चालतो, फाशीची शिक्षा होते आणि तो दिवस जवळ येतो तसा पीटर कोसळत जातो. आपण सत्य शोधलं, ते बरोबरच केलं, पण आपल्या बुद्धीमुळे आज सकाळी एक माणूस मरणार आहे. तो खुन्यासाठी चांगला वकील देतो, त्याला भेटायला जातो. खुन्याच्या मनात त्याच्याबद्दल द्वेषच आहे. फाशीच्या वेळी पीटर हॅरिएटच्या मिठीत लहान मुलासारखा रडतो.

इथे प्रेमकथा आणि तपासकथा एकमेकींत मिसळतात. एवढी वर्षं सगळ्यांना वाचवणारा माणूस पहिल्यांदाच कोणाकडे तरी आधार मागतो. हॅरिएटवरचं जुनं ऋण तिथे संपतं, कारण आता त्याला तिची गरज आहे. सत्य शोधण्याची किंमत एकट्याने पेलवत नाही, एवढंच ते पुस्तक शेवटी म्हणतं.

मठातला वैद्य आणि गावातला पाद्री

नंतरच्या लेखकांपैकी दोघांना भेटल्याशिवाय ही फेरी पूर्ण होणार नाही.

पहिला ब्रदर कॅडफेल. एलिस पीटर्स या टोपणनावाने एडिथ पार्जेटर यांनी १९७७ ते १९९४ या काळात त्याच्यावर वीस कादंबऱ्या लिहिल्या. काळ बाराव्या शतकाचा, जागा इंग्लंडमधलं श्रूजबरीचं मठ. कॅडफेल तरुणपणी क्रूसेडमध्ये लढलेला, समुद्रावर भटकलेला, प्रेम केलेला माणूस. उतारवयाकडे झुकताना संन्यासी होतो आणि मठाची औषधी बाग सांभाळतो. वनस्पतींच्या ज्ञानातून तो विषं ओळखतो, जखमा वाचतो. जवळजवळ प्रत्येक कादंबरीत एक तरुण जोडपं असतं. त्यातला एक जण बहुतेक वेळा संशयात अडकलेला, आणि कॅडफेल त्यांना मोकळं करायला धडपडतो. एका कादंबरीत तर तो गुन्हेगाराला फासावर न देता उरलेलं आयुष्य चांगल्या कामात घालवण्याची शिक्षा देतो. हे बरोबर की चूक? घरात जेवताना वाद घालायला उत्तम विषय!

दुसरा सिडनी चेंबर्स. जेम्स रन्सी यांच्या २०१२पासून आलेल्या ‘ग्रँचेस्टर’ कथांमधला तरुण अँग्लिकन पाद्री. काळ १९५०च्या दशकाचा. रन्सी यांचे वडील कँटरबरीचे आर्चबिशप होते, त्यामुळे चर्चचं घर आतून कसं असतं हे ते जाणतात. अँग्लिकन पाद्री लग्न करू शकतात, म्हणून सिडनीच्या आयुष्यात प्रेमाचा गुंता खराखुरा आहे. रविवारी ज्यांना आशीर्वाद द्यायचा, त्यांच्यावरच सोमवारी संशय घ्यायचा, ही त्याची अडचण.

आपल्याकडे काय?

आपल्या देशात कादंबरीच्या सुरुवातीलाच ख्रिस्ती लेखक भेटतात. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ओळखली जाणारी ‘यमुनापर्यटन’ १८५७मध्ये बाबा पदमनजींनी लिहिली. विषय विधवांचे हाल. तमिळमधली पहिली कादंबरी ‘प्रताप मुदलियार चरित्रम्’ १८७९मध्ये आली. तिचे लेखक मायूरम वेदनायकम पिल्लै हे कॅथलिक आणि पेशाने मुन्सफ, म्हणजे रोज खऱ्या-खोट्या साक्षी ऐकणारे.

या दोन भाषांना जोडणारी एक मराठी मुलगीही आहे. कृपाबाई खिस्ती, जन्म १८६२, अहमदनगर. १८७८मध्ये ती डॉक्टर व्हायला मद्रास मेडिकल कॉलेजात आली. तब्येतीने साथ दिली नाही, शिक्षण सुटलं. पण इथेच तिला सॅम्युएल सत्यनाथन भेटले आणि १८८१मध्ये दोघांनी लग्न केलं. तिची इंग्रजी कादंबरी ‘सगुणा’ १८८७-८८मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात क्रमशः आली. मराठी ख्रिस्ती घरातल्या, स्वतःची बुद्धी आणि मन असलेल्या मुलीची ही गोष्ट बरीचशी तिचीच. १८९४मध्ये, अवघ्या ३२व्या वर्षी, कृपाबाई गेल्या. रहस्यकथा त्यांनी लिहिली नाही, पण शिकणारी, प्रश्न विचारणारी नायिका त्यांनी हॅरिएटच्या चाळीस वर्षं आधी उभी केली.

तपास आणि प्रेम एकत्र नांदवण्यात तर तमिळ पॉकेट कादंबऱ्यांचा हात कोणी धरणार नाही. राजेश कुमार यांचा विवेक आणि त्याची बायको रूपला, ‘सुभा’ या लेखकजोडीचे नरेंद्रन आणि वैजयंती, पट्टुकोट्टै प्रभाकर यांचे भरत आणि सुशीला. इथे गुप्तहेर जोडीनेच येतात! तमिळ वाचता येत नसेल तर चेन्नईच्याच ब्लाफ्ट प्रकाशनाने २००८मध्ये काढलेला इंग्रजी अनुवादांचा संग्रह मिळतो. आणि १९२०च्या दशकातलं मद्रास पाहायचं असेल तर इतिहासकार ब्रायन स्टॉडर्ट यांची ‘अ मद्रास मायाज्मा’ ही २०१४ची कादंबरी वाचा. तिच्यातला इंग्रज पोलीस अधिकारी ल फानू आपल्याच घरची व्यवस्था पाहणाऱ्या अँग्लो-इंडियन स्त्रीवर प्रेम करतो. तो काळ आणि त्याचं खातं हे नातं खपवून घेणार नसतं.

ब्योमकेशलाही सत्यवती एका खुनाच्या तपासातच भेटते, हे आठवतंय ना? संशयाच्या घरात सापडलेलं प्रेम आपल्याला परकं नाही.

चांगली कादंबरी कशी ओळखायची?

या प्रकारातलं पुस्तक निवडताना मी चार गोष्टी बघते. तुम्हालाही उपयोगी पडतील.

पहिली, धागेदोरे प्रामाणिक आहेत का? अडचण आली की प्रार्थनेनंतर लगेच पुरावा सापडत असेल, तर फादर नॉक्स यांच्या नियमाने ती कथा नापास.

दुसरी, खलनायक माणूस आहे का? श्रद्धा नसलेला प्रत्येक जण दुष्ट आणि चर्चमध्ये जाणारा प्रत्येक जण साधा, असं असेल तर पुस्तक खाली ठेवा. सुसान्नेच्या गोष्टीत खोटं बोलणारे दोघेही धर्माचे जाणकार, समाजातले मानाचे लोक होते.

तिसरी, क्षमा स्वस्तात मिळते का? शेवटच्या पानावर दोन अश्रू आणि सगळं माफ, हे मेलेल्या माणसावर आणि त्याच्या घरच्यांवर अन्याय करणारं आहे. चांगल्या कथेत क्षमा मिळते, पण सत्य सांगावं लागतं आणि परिणाम भोगावे लागतात.

चौथी, प्रेम बक्षीस म्हणून दिलंय का? केस सुटली की नायिका आपोआप नायकाची, असा शेवट असेल तर हॅरिएट वेनला विचारा!

कुठून सुरुवात कराल?

घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांना फादर ब्राउनच्या निवडक कथा द्या. त्या छोट्या आहेत, रक्तपात फार नाही आणि मोठ्यांनी सोबत वाचल्या तर जास्त मजा येते. काही ठिकाणी त्या काळातले पूर्वग्रह डोकावतात, तेव्हा थांबून बोला. दहावी-बारावीच्या पुढे कॅडफेल. कॉलेजच्या आणि नोकरीतल्या मंडळींना ‘स्ट्राँग पॉयझन’, मग क्रमाने पुढची तीन. ‘गॉडी नाइट’ संथ आहे, पहिली शंभर पानं धीर धरा. ज्येष्ठांना इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर फादर ब्राउन आणि कॅडफेल या दोघांवरही इंग्रजी मालिका आहेत, नातवंडांना शेजारी बसवून गोष्ट सांगायला लावा.

आणि लिहिणाऱ्यांसाठी एक जागा रिकामी आहे. वसईच्या वाड्यांतली, अहमदनगरच्या जुन्या मिशन शाळांतली किंवा चेन्नईत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरातली अशी एखादी रहस्यकथा मराठीत यायला हवी. तिच्यात पुरावा मागणारा एखादा थोमा असावा, ‘आधी मला विचार’ म्हणणारी एखादी हॅरिएट असावी, आणि खुनी सापडल्यावर कोणीतरी त्या माणसासाठीही थोडं रडावं.